बेताच्या किमतीची एकबारी रायफल

नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती अगदीच निराधार नाही. तथापि पुष्कळदा खर्च होतो तो चुकीच्या क्रमाने. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलीचे कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात प्रत्येक काडतूस हातानेच भरावे लागते, आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. अर्थात एका वेळी एकच काडतूस घेणारी एकबारी रायफल ही दारिद्र्याची खूण नसून या खेळाची शिस्तच होय.

पॉइंट बावीसची जुनी रायफल घेताना प्रथम नळी पाहावी. तिच्या तोंडाशी टवका उडालेला नसावा आणि आतील पीळदार खाचा स्वच्छ दिसाव्यात. कारण नळीतून बाहेर पडतानाच गोळीची दिशा ठरते. दस्त्यावरील ओरखडे मात्र खुशाल दुर्लक्षावेत. घासाघीस करण्यास ते उपयोगीच पडतात!

दुसरी गोष्ट काडतुसांची. एकाच रायफलीतून निरनिराळ्या बनावटींची काडतुसे सारखी जात नाहीत. रायफल टेकूवर ठेवून प्रत्येक बनावटीच्या दहा गोळ्या ५० मीटरवर झाडाव्यात. ज्यांची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील, ती आपली. ध्वनीहून मंद गतीची काडतुसे येथे बहुधा अधिक भरवशाची ठरतात.

यानंतर रायफल अंगाला बेतावी. दस्ता लांब असल्यास खांदा अवघडतो, आखूड असल्यास मान दुमडते. गाल सहज टेकून डोळा आपोआप नेमाच्या रेषेत आला पाहिजे. त्यासाठी दस्त्यावर बुचाचे वा नमद्याचे थर चढविले तरी भागते. मागे बारीक छिद्राची दर्शिका बसविल्यास नेम धरणे सोपे जाते.

चाप हलका करण्याचा मोह मात्र घरी आवरावा. फाजील हलका चाप धक्क्यानेही सुटतो. ते काम परवानाधारक कारागिराचेच. रायफलीस परवाना लागतो, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा गुन्हा आहे.

इतके साधल्यावर उरलेला पैसा शोभेवर न घालता काडतुसांवर घालावा. हात बसतो तो सरावाने.