ऑर्गनवर कोण होते, ते आठवते का?

दिवाळी सरते, धान कापणीला येते आणि झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या मुलखातली ही आपली रंगभूमी. कंपन्यांचे मुख्य ठाणे देसाईगंज, म्हणजे आपले वडसा. तिथून होळीच्या आसपासपर्यंत गाड्या गावोगाव जातात. शंकरपट असो की मंडई, रात्री मंडपात नाटक हवेच. रात्री सुरू झालेला खेळ पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालतो. घरी पाहुणे येतात, सोयरिकीसुद्धा याच गर्दीत जुळतात.

नाटक पाहून आलेल्या कोणालाही विचारा. नायक कोण, खलनायक कसा गरजला, लावणीला कोण नाचली, सारे सांगेल. पण ऑर्गनवर कोण होते, तबला कोणाचा, ऑक्टोपॅड कोण वाजवत होते, असे विचारले की डोके खाजवतो. “कोन जाने बाप्पा, वाजवत तं मस्त होते!”

वाचकहो, हा मस्त वाजवणारा ताफा म्हणजे आपल्या भागाचा खरा बँड. शहरी पोरांच्या हाती गिटार असते, आपल्याकडे पायाने भाता मारायचा ऑर्गन. त्याच्या जोडीला तबला. पुढे ऑक्टोपॅड आला. काठ्यांनी वाजवायचे आठ खाने, त्यातून ढोलही निघतो अन् विजेचा कडकडाटही. नाट्यपदाला साथ द्यायची, लावणीला ठेका धरायचा, खलनायक आला की धडकी भरवायची, आणि एखादा नट वेळेवर आला नाही तर तेवढा वेळ सूर धरून ठेवायचा. गाण्याला ‘वन्स मोअर’ आला की पुन्हा पहिल्यापासून. नट आत जाऊन चहा घेऊन येतो. रंगमंचाच्या पुढ्यात बसलेल्याला मात्र पूसमाघाच्या थंडीत जागचे हलता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव.

या रंगभूमीचा मान आता वाढला आहे. गडचिरोली जिल्ह्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीची मान उंचावली. पण दिव्याचा उजेड पडतो तो रंगमंचावर. त्याच्या पुढ्यात बसलेले अंधारातच राहतात.

बाहेरचे एक उदाहरण पाहा. १९७० आणि १९७१ साली देशभरातल्या हौशी रॉक बँडांच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतली गाणी तबकड्यांवर निघाली. पुढे त्यातले बरेच बँड विस्मरणात गेले. पण तबकडी उरली, म्हणून आज कुठे कुठे त्यांची नावे निघतात. आपल्या वादकांची तबकडी कोण काढणार होते?

तरी एक पुरावा आपल्याकडे आहे, तो म्हणजे नाटकाचे पत्रक. गावाचे नाव, तारीख, कंपनी, नटनट्या, आणि खाली बारीक अक्षरात संगीत साथ. ऑर्गन अमुक, तबला तमुक. हा कागद नाटक झाले की चुलीत जातो, नाहीतर वाणसामानाची पुडी होते. कागद गेला की माणूसही गेला समजा.

म्हणून सांगणे एवढेच. घरात, पेटीत, मंडळाच्या दप्तरात जुनी पत्रके असतील तर जाळू नका. गावात म्हातारा ऑर्गनवाला किंवा तबलजी असेल तर त्याच्याजवळ बसा. कोणत्या कंपनीत होता, कोणाजवळ शिकला, कोणती पदे वाजवली, हे वहीत लिहा. मोबाईल आता पोराटोरांच्या हाती आहे, त्याचे वाजवणेही भरून ठेवा. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, गावागावांत महाविद्यालयाचे विद्यार्थी आहेत. दिवाळीच्या सुटीत एकेकाने एकेक वादक गाठला तरी केवढे काम होईल!

आणि यंदा नाटकाला जाल, तेव्हा पत्रकाची खालची ओळही वाचा. खेळ संपला की पुढ्यात जा अन् त्यांना नावाने हाक मारा.