लकव्याचा पेशंट अचानक ‘बदलला’ तर गप्प बसू नका

औरंगपुऱ्यात भाजीची गाडी लावणाऱ्या एका मावशींची ही गोष्ट. काकांना लकवा मारला. डावा हात-पाय गेला, तोंड वाकडं झालं. मुलांनी वेळ न घालवता दवाखान्यात नेलं. पहिले दोन दिवस बोलणं बोबडं होतं, पण काका सगळ्यांना ओळखत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गप्प झाले. हाक मारली की डोळे उघडायचे, लगेच मिटायचे.

आम्ही तेव्हा नोकरीत होतो आणि त्याच वॉर्डात ड्युटीवर होतो. मावशी म्हणाल्या, “सिस्टर, कालपस्तोर नातवाचं नाव घेतलं की हात दाबायचे. आज नजरच लागंना.” आम्ही म्हणालो, “मावशी, मोठं दुखणं आहे, थकलेत. झोपू द्या.” मावशींनी ऐकलं नाही. रात्रीतून तीनदा टेबलाशी आल्या. तिसऱ्या वेळी आम्ही ताप बघितला, ऑक्सिजन बघितला आणि डॉक्टरांना उठवलं. छातीत न्यूमोनिया सुरू झाला होता. उपचार बदलले. चार-पाच दिवसांनी काका पुन्हा नातवाचं नाव घेऊ लागले.

त्या रात्री चूक आमची होती आणि बरोबर मावशी होत्या. म्हणून हा लेख.

हे नेमकं काय असतं?

या अवस्थेला डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं म्हणायची, ‘वात झालाय, बरळतोय.’ मेंदूचा कारभार काही तासांत किंवा दिवसांत अचानक विस्कटतो. लक्ष टिकत नाही, वेळ-जागा कळत नाही, दिवसरात्र उलटीपालटी होते. लकवा होऊन दवाखान्यात दाखल झालेल्या साधारण चार पेशंटमध्ये एकाला हे होतं. वय जास्त असेल, आधीपासून विसरभोळेपणा असेल, लकवा मोठा असेल तर धोका वाढतो.

हे वेडही नाही आणि ‘बाहेरचं लागणं’ तर नाहीच. जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला, तरी पेशंटच्या उशाखाली अंगारा ठेवणारे आजही भेटतात. अंगाऱ्याने एवढंच होतं की उपचाराचा वेळ जातो. डिलिरियम झालेल्या पेशंटचा मुक्काम लांबतो, पुढे स्मरणशक्तीवर परिणाम राहू शकतो आणि जिवाचा धोकाही वाढतो. कारण लवकर सापडलं तर बऱ्याचदा माणूस सावरतो.

आरडाओरडा करणारा दिसतो, गप्प पडलेला दिसत नाही

एक पेशंट सलाईन ओढतो, पलंगावरून उतरायला बघतो, शिव्या देतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो. त्याच्याकडे सगळा वॉर्ड बघतो. दुसरा नुसता पडून राहतो, जेवत नाही, बोलत नाही. घरचे म्हणतात, “बरं झालं, शांत झोप लागली.” हाच पेशंट सर्वांच्या नजरेतून सुटतो. काकांचं हेच झालं होतं. काही पेशंटमध्ये दोन्ही प्रकार आलटून पालटून दिसतात.

आणखी एक अडचण आहे. डिलिरियम दिवसभर सारखा नसतो. सकाळी माणूस बरा वाटतो, संध्याकाळी आणि रात्री बिघडतो. मोठ्या डॉक्टरांचा राऊंड सकाळी असतो. रात्रीचं त्यांना कोण सांगणार? रात्री उशाशी बसलेली बायको, मुलगी, सूनच सांगू शकते.

लकव्याचा परिणाम की डिलिरियम?

लकव्यात, विशेषतः उजवी बाजू गेली असेल तर, पुष्कळांची वाचा जाते. शब्द सापडत नाहीत, भलताच शब्द तोंडातून येतो. पण असा माणूस आपल्याकडे बघतो, खुणा करतो, शब्द आला नाही की चिडतो. त्याचं लक्ष आपल्याकडे असतं आणि हा दोष पहिल्या दिवसापासून असतो. डिलिरियममध्ये लक्षच ठरत नाही आणि बिघाड नंतर, अचानक येतो. म्हणून ‘कालच्यापेक्षा आज काय वेगळं?’ हा प्रश्न सगळ्यात मोठा.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात ‘फोर-ए-टी’ नावाची एक छोटी तपासणी तयार झाली. आता ती अनेक देशांत वापरतात, दोन मिनिटांत होते. तिच्यात चार गोष्टी बघतात: पेशंट नीट जागा आहे का, वय, जन्मतारीख, जागा आणि चालू वर्ष सांगतो का, महिने उलटे म्हणताना लक्ष टिकतं का, आणि बदल अचानक झाला का. आपल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख माहीत नसते, शाळा नशिबात नव्हती. त्यांचं ‘येत नाही’ म्हणजे डिलिरियम नव्हे. चौथी गोष्ट मात्र शाळा न शिकलेली माणसंही अचूक सांगतात, आणि ती घरच्यांनाच माहीत असते.

रोज सकाळ-संध्याकाळ एवढं बघा

1. हाक मारल्यावर डोळे उघडून आपल्याकडे बघतात का? बघत राहतात का?
2. ‘जयभीम’ म्हटल्यावर चांगला हात उचलतात का, मान हलवतात का?
3. बोलता येत असेल तर विचारा: आपण कुठे आहोत? हा कोण? वार उलटे म्हणा: रविवार, शनिवार, शुक्रवार...
4. बोलता येत नसेल तर म्हणा: माझा हात दाबा, आता सोडा.
5. झोप, जेवण, लघवी, संडास कालसारखं आहे का?

नातवाच्या वहीच्या पानावर वेळ घालून लिहून ठेवा. रात्रीचा माणूस बदलला की वही पुढच्याच्या हातात द्या. हे निदान नाही, निदान डॉक्टर करतील. ही फक्त आपली राखण.

कारणं कोणती असतात?

न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, लघवी तुंबणं, तीन-चार दिवस संडास न होणं, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साखर वर-खाली होणं, दुखणं, झोपमोड, झोपेच्या किंवा इतर काही गोळ्या. कधी मेंदूत नवा झटका, सूज किंवा फिट असते. म्हणून अचानक झालेला बदल सकाळपर्यंत थांबवून ठेवायचा नाही.

एक गोष्ट लाजेपोटी लपवली जाते: दारू. रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात एकदम बंद होते आणि दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास सुरू होतात. हे जिवावर बेतू शकतं. पेशंट दाखल करतानाच डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तंबाखू, मिसरी आणि घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्याही सांगा.

डॉक्टरांशी, सिस्टरशी कसं बोलाल?

“पेशंट बरा नाही” एवढं म्हटलं तर उत्तर येतं, “लकव्यात असंच असतं.” त्याऐवजी असं सांगा: “काल संध्याकाळपर्यंत ओळखत होते. रात्री आठपासून नजर ठरत नाही. हा बदल अचानक झालाय. डिलिरियम आहे का, बघता का?” आवाज चढवू नका, पण मागेही हटू नका. कपडे आणि शिक्षण बघून कुणी झटकलं तरी पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.

हे करा, हे टाळा

चष्मा, कानाचं मशीन घरून आणा. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि शांतता ठेवा. ओळखीचं एकच माणूस जास्त वेळ जवळ बसू द्या. “आज अमुक वार, आपण दवाखान्यात आहोत, मी तुमची मुलगी” असं हळू सांगत राहा. भास होत असतील तर वाद घालू नका.

गिळणं तपासून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत चमचाभर पाणीही पाजू नका. ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. मेडिकलवरून झोपेची गोळी आणून देऊ नका. ओढणीने हात बांधू नका. दहा पाहुणे पलंगाभोवती उभे करू नका.

मावशी शाळेत गेल्या नव्हत्या. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेतलेला. तरी त्या रात्री पेशंटला त्यांनी ओळखलं, कारण चाळीस वर्षं त्या माणसासोबत काढलेली होती. तुमच्याजवळही ती ओळख आहे. ती वापरा, आणि कुणी “झोपू द्या” म्हटलं तरी पुन्हा एकदा टेबलाशी जा.

जयभीम.