हीटरआधी अंथरूण

महाराष्ट्रात कसली आली आहे थंडी, असं म्हणणाऱ्यांनी काही नोंदी पाहाव्यात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ला पारा १.७ अंशांवर उतरला होता. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला ३.५ अंश होते. मुंबईतसुद्धा २२ जानेवारी १९६२ला ७.४ अंशांची नोंद आहे. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकचं पाणी सोडतात, मणी तडकू नयेत म्हणून. त्याच दिवसांत बागेच्या कामाला आलेली कुटुंबं बांधावर पालाखाली झोपलेली असतात. ऊसतोडीच्या कोप्याही याच महिन्यांत फडाशेजारी उभ्या राहतात. पत्र्याच्या खोलीत, कोपीत, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांच्या हातात थंडीच्या तयारीसाठी मोजकेच पैसे असतात. ते चुकीच्या समजुतीपायी भलतीकडे खर्च होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली समजूत अशी की थंडी घालवायची तर खोली तापवायला हवी. दोन हजार वॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. रात्री दहा ते सकाळी सहा सलग चालला तर सोळा युनिट झाले. पंधरा लिटरची बादली अंघोळीपुरती तापवायला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते, म्हणजे एका रात्रीच्या हीटरमध्ये तीसेक बादल्या पाणी तापलं असतं. शिवाय वीजबिल टप्प्यांनी चढतं. शंभर युनिटांनंतरचा दर आधीच्यापेक्षा बराच जास्त असतो. फटीफटींतून वारा येणाऱ्या खोलीत ती महागडी ऊब तासाभरात निघूनही जाते.

झोपलेल्या माणसाचं शरीर स्वतःच उष्णता तयार करत असतं. ती अडवून ठेवली की काम भागतं. म्हणून पैसे थोडे असतील तर ते आधी अंथरुणावर लावावेत, मग दारा-खिडक्यांवर आणि उरलेच तर उपकरणावर.

अंथरुणातही लोक वरचं पांघरूण वाढवत जातात आणि खालची बाजू विसरतात. फरशी किंवा सारवलेली जमीन अंगातली उष्णता सतत ओढून घेते. पाठीखालची गादी शरीराच्या भाराने चेपते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ती निकामी होते. अंगावर दोन रजया आणि खाली एक चटई असलेला माणूस पहाटे कुडकुडतो तो यामुळेच. ओल येत असेल तर सर्वांत खाली प्लास्टिकचा जुना कागद, त्यावर पुठ्ठे किंवा गोणपाटात भरलेला भाताचा पेंढा, त्यावर सतरंजी आणि मग गादी, असं अंथरलं तर खर्च जवळपास शून्य येतो. पेंढा मात्र कोरडा हवा आणि दर आठ-दहा दिवसांनी उन्हात पसरायला हवा.

जाड आणि जड पांघरूण म्हणजे जास्त ऊब, हाही गैरसमजच. ऊब देते ती धाग्यांमध्ये अडकलेली हवा. एकाच जाडजूड ब्लँकेटपेक्षा तेवढ्याच वजनाची दोन पातळ पांघरुणं बहुधा जास्त उबदार ठरतात, कारण दोन्हींच्या मधे हवेचा आणखी एक थर राहतो. आपली गोधडी याच तत्त्वावर चालते. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा पदर आणि त्यांना धरून ठेवणारे बारीक धावदोऱ्याचे टाके. टाके फार घट्ट ओढले तर पदर एकमेकांना चिकटतात, म्हणून शिवणारी बाई दोरा हलक्या हाताने ओढते. घरात जुनी लुगडी, साड्या, चादरी असतील तर नवं पांघरूण आणण्याआधी गोधडीचा विचार करावा.

कापसाच्या जुन्या रजईचंही तसंच. तीन-चार वर्षं वापरली की कापसाच्या गाठी होतात. हातात घेतली तर मधला भाग नुसतं कापड लागतं आणि कडेला गोळे लागतात. अशी रजई टाकून नवी घ्यायचं कारण नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला आणि त्याच खोळीत भरून टाके घातले की ती पुन्हा फुलते. खर्च फक्त मजुरीचा. दसऱ्यानंतर हे काम उरकून घ्यावं, थंडी पडल्यावर पिंजाऱ्याकडे रांग लागते. रोज दुपारी पांघरुणं दोन-तीन तास उन्हात घालावीत. रात्रभरात अंगाचा दमटपणा कापसात मुरतो आणि दमट कापूस ऊब धरत नाही.

पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांची एक तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते: पाऊस नसताना पहाटे पत्रा गळतो. मग फटी बुजवायला डांबर आणि सिमेंट आणलं जातं. ते पाणी बहुतेकदा बाहेरून आलेलं नसतं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशात सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. माणसांच्या श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ त्याच्यावर जमून थेंब पडतात. यावर उपाय म्हणजे पत्र्याखाली हातभर अंतर सोडून जुन्या साड्या, बारदान किंवा बांबूची चटई ताणून बांधणं. मधली हवा थंडी अडवते आणि उन्हाळ्यात हेच छत तापही अडवतं. एक काळजी घ्यायलाच हवी. चुलीच्या, दिव्याच्या, विजेच्या तारांच्या जवळ असं कापड असू नये.

खिडक्या दिवसरात्र बंद ठेवणं हेही चूक. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नागपुरात डिसेंबरअखेर भर दुपारीही तो जेमतेम पंचेचाळीस अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन बरंच आत येतं. ते दुपारभर येऊ द्यावं आणि दिवस मावळायच्या आत खिडकी लावून पडदा ओढावा. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची घट्ट गुंडाळी पुरते.

आता ज्या गैरसमजाने माणसं दगावतात, त्याकडे येतो. कोळशाची शेगडी धूर देत नाही, तेव्हा रात्री खोलीत ठेवली तर चालते, असं अनेकांना वाटतं. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस सावध होतो, पण निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि तो झोंबतही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवतं. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं झोपेत कळतच नाहीत. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी डोकेदुखी किंवा उलटी होऊ लागली, तर जेवणात काही आलं असेल म्हणून बसू नये. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणावं. खिडकी थोडी उघडी ठेवली म्हणजे भागलं, असंही नाही. शेकोटी अंगणात करावी, हातपाय शेकावेत आणि झोपायच्या खोलीत निखारा नेऊच नये. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे. तो न्हाणीघराबाहेर हवा.

इथे बाळंतिणीचा विषय निघतो. बाजेखाली शेगडी ठेवून ओवा, बाळंतशोपा, वावडिंगाची धुरी देण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती मायेपोटीच चालत आली आहे. पण बंद खोलीत निखाऱ्यावर झोपलेली आई आणि तिच्या कुशीतलं काही दिवसांचं बाळ यांच्याइतका धोका दुसऱ्या कुणालाच नसतो. नवजात बाळाला उबेची गरज असते हे अगदी खरं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना सांगते तो उपाय फुकटचा आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरायचं आणि वरून दोघांना पांघरूण घालायचं. कमी वजनाच्या बाळांसाठी तर हा उपाय दवाखान्यातही वापरतात. जन्मल्यावर बाळाला लगेच न्हाऊ न घालता किमान २४ तास थांबावं, असंही ती संघटना सांगते. आजीला हे समजावताना तिची माया मोडीत काढू नये. धुरीचा ओवा फडक्यात बांधून वासासाठी खोलीत ठेवता येतो.

विजेच्या हीटरबद्दल उलटा गैरसमज आहे, की तो खोलीतला प्राणवायू संपवतो. त्यात काही जळत नाही, त्यामुळे प्राणवायू संपत नाही. समोर ठेवलेलं पाण्याचं भांडं प्राणवायू देत नाही, फक्त कोरडेपणा थोडा कमी करतं. खरा धोका जोडणीचा आहे. दोन हजार वॉटचा हीटर साध्या सहा अँपिअरच्या प्लगावर चालत नाही. दीड हजार वॉटची पाणी तापवायची कांडीसुद्धा त्या प्लगाला जड जाते. एक्स्टेन्शनची वायर हाताला गरम लागली तर ते उपकरण तिथे लावूच नये. कांडीचा प्लग काढल्याशिवाय बादलीत बोट घालायचं नाही, हे लहानांना रोज सांगावं लागतं.

थंडीसाठी बदाम-काजूचे लाडूच हवेत, असं समजून कर्ज काढून सुकामेवा आणणारी घरं आहेत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात सुमारे एकवीस. बाजरीची भाकरी, तीळ, शेंगदाणे, गूळ आणि भोगीच्या भाजीतल्या शेंगा-वांगी-गाजरं हा हिवाळ्याचा पुरेसा आहार आहे. ब्रँडीचे दोन थेंब मात्र लहानग्यांना कधीच देऊ नयेत. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फैलावतात, अंग गरम लागतं आणि आतली उष्णता बाहेर जाते.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत एक चूक जिवावर बेतते. थंडीने थरथरणारं माणूस शांत झालं, की त्याला ऊब आली असं वाटतं. पांघरूण चांगलं मिळालेलं नसताना थरथर थांबली, बोलणं अडखळू लागलं, माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर शरीर हार मानत आहे असं समजावं. ओले कपडे आधी काढावेत. कोरडी पांघरुणं खाली-वर घालावीत आणि छाती-पोटाला ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत, निखाऱ्यापाशी नेऊ नये. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर कोमट गोड चहा द्यावा आणि १०८ला फोन करावा.