मुक्काम जवळचा, प्रवास सुखाचा

आमच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला पहिल्यांदाच येणाऱ्या मंडळींची एक गंमत होते. तिकीट काढतात डहाणू रोडचं, गाडीतून उतरतात आणि रिक्षावाल्याला विचारतात, "देऊळ कुठल्या बाजूला?" देऊळ तिथून वीस-पंचवीस किलोमीटर, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून! आधी चारोटी नाका गाठायचा आणि मग पुढे विवळवेढे. स्टेशनाच्या नावात 'रोड' आलं की गाव जरा लांब समजायचं, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत. हे साधं शहाणपण मला थेट युरोपात उपयोगी पडलं असं सांगितलं, तर मैत्रिणींनो, तुम्ही हसाल. पण तसंच झालं!

२०२५च्या मे महिन्यात, चैत्रातली यात्रा आटोपल्यावर, आम्ही पाच जणी रेल्वेने युरोप फिरून आलो. मी, माझ्या मोठ्या जाऊबाई, एक निवृत्त शिक्षिका मैत्रीण, तिची बहीण आणि आमच्या महिला मंडळातल्या काकू. जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. काकूंचे यजमान जाऊन तीन वर्षं झालेली. पैसे कुणी भिशीतून जमवले, कुणी एफडी मोडली. त्यामुळे एकेक रुपया मोजूनच खर्च करायचा होता.

"टूरबरोबर का नाही गेलात?" हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. बायकांच्या खास सहली वीणा पाटील यांनी आधी केसरीतर्फे आणि नंतर वीणा वर्ल्डतर्फे घराघरात पोचवल्या, त्यांचं ऋण मानायलाच हवं. पहिल्यांदा परदेशी जाणारीला टूर उत्तमच. पण मोठ्या बसच्या सोयीसाठी टूरची हॉटेलं बहुतेक वेळा शहराबाहेर, हमरस्त्याकडेला असतात. संध्याकाळी बस तिथे सोडते, मग सकाळपर्यंत खोलीतच! काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. "अगं, आयुष्यात एकदा तरी कुणाला न विचारता, एकटीनं चक्कर मारून यायचीय मला." तेव्हा ठरवलं, प्रवास रेल्वेने आणि मुक्काम असा, की दारातून बाहेर पडलं की गाव समोर.

आधी रात्री मोजा

शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद लागतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आमच्या तेरा रात्री अशा बसवल्या : पॅरिस तीन, लुसर्न तीन, व्हेनिस दोन, फ्लॉरेन्स दोन, रोम तीन. सात रात्री इटलीत म्हणून अर्ज इटलीचा. बुकिंग शक्यतो रद्द करता येईल असंच करावं. व्हिसा लांबला तर पैसे बुडत नाहीत. आणि दर एका रात्रीला गाव बदलू नका. रोज बॅग भरणं हे घरी असतंच की!

स्टेशन एक नसतं

मुंबईचंच बघा ना. गुजरातकडे जायला बॉम्बे सेंट्रल, आताचं मुंबई सेंट्रल, नाहीतर वांद्रे टर्मिनस. नागपूरला जायला सीएसएमटी. 'मुंबई स्टेशनजवळ हॉटेल' म्हटलं तर कुठल्या? पॅरिसचं तसंच. तिथे सहा-सात मोठी स्टेशनं आहेत. लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅमच्या गाड्या गार दु नॉरवरून सुटतात, तर स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द लियाँवरून. आम्हाला पुढे बाझेलमार्गे लुसर्नला जायचं होतं, म्हणून मुक्काम गार द लियाँजवळ घेतला. शहर सोडायच्या दिवशी सकाळी घाई असते, त्यामुळे 'येतो कुठे' यापेक्षा 'निघणार कुठून' हे आधी बघावं. शिवाय तिथून मेट्रो आणि लोकलसारखी आरईआर, दोन्ही हाताशी.

शहराबाहेरचं हॉटेल दोन खोल्या मिळून रोज तीसेक युरोंनी स्वस्त मिळत होतं. शिक्षिका मैत्रिणीने वहीत हिशेब मांडला. पॅरिसमध्ये २०२५मध्ये मेट्रो-आरईआरचं तिकीट अडीच युरो होतं. तिथून शहरात यायचं आणि परत जायचं, तर पाच जणींचे पंचवीस युरो. वाचले पाच! त्यासाठी दिवसातला दीड-दोन तास गाडीत घालवायचा, आणि दुपारी पाय दुखले तर खोलीवर येऊन आडवं व्हायची सोय नाही. स्वस्त हॉटेल नेहमी स्वस्त पडतंच असं नाही, ते असं.

व्हेनिसला तर आमचं 'डहाणू रोड' भेटलंच! व्हेनेझिया मेस्त्रे हे स्टेशन जमिनीवर, मुख्य भूमीवर. खरं, पाण्यातलं व्हेनिस पुढच्या साँता लुचिया स्टेशनला, गाडीने दहा-बारा मिनिटांवर. मेस्त्रेला खोल्या स्वस्त, गाड्याही सारख्या. पण रात्रीचं, दिवसाचे प्रवासी परतल्यावरचं शांत व्हेनिस बघायचं तर मुक्काम आतच हवा. मात्र आत मोटार नाही, रिक्षा नाही, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. म्हणून आम्ही साँता लुचियाच्याच काठावरचं, एकही पूल ओलांडावा लागणार नाही असं छोटं हॉटेल शोधलं. नकाशावर 'पाचशे मीटर' दिसलं, तरी मध्ये पूल किती ते मोजा.

गुडघ्याच्या मापाने

आमच्या महालक्ष्मीची आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. देवीचं मूळ स्थान मुसळ्या डोंगरावर. एका गरोदर भक्तिणीला चढ झेपेना, तेव्हा देवीच म्हणाली, मी पायथ्याशी येते. हॉटेल निवडताना मी हीच गोष्ट डोळ्यासमोर ठेवली. गटात जिला सगळ्यात कमी चालवतं, तिच्या मापाने जागा निवडायची. धडधाकट माणसं काय, कुठेही राहतील!

लिफ्टचं मात्र खोदून विचारावं. एका शहरातल्या हॉटेलात लिफ्ट होती, पण ती सुरू व्हायची अठरा पायऱ्या चढून गेल्यावर. जाऊबाई जिन्यात बसूनच राहिल्या. "तू जा पुढं, मी येते सावकाश," म्हणाल्या, पण चेहरा उतरला होता. त्यांना वाटत होतं, आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा. त्या संध्याकाळी पुढच्या सगळ्या हॉटेलांना ईमेल केली : रस्त्यापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती? लिफ्टमध्ये बॅगेसह दोघी मावतात का? सगळ्यांची उत्तरं आली. एकाने तर तळमजल्याची खोली काढून ठेवली.

स्टेशनजवळ, पण कुठल्या बाजूला?

आपल्याकडे स्टँडजवळचं लॉज म्हटलं की बाई दहा वेळा विचार करते. बचत गटाच्या कामासाठी बायकांना घेऊन परगावी राहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा येते, मी अनुभवाने सांगते. युरोपातही स्टेशनाची प्रत्येक बाजू चांगली नसते. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनासमोरचा भाग नशेबाजांसाठी कुप्रसिद्ध आहे. रोमचं तेर्मिनी सोयीचं, विमानतळाची गाडी आणि मेट्रोच्या दोन्ही मोठ्या लाइन तिथेच, पण आजूबाजूच्या गल्ल्या सारख्या नाहीत. म्हणून एकट्या राहिलेल्या बायकांनी लिहिलेले अभिप्राय आधी वाचावेत, नकाशावर रस्त्याचे फोटो बघावेत, रात्री काउंटरवर माणूस असतो का ते विचारावं. तेर्मिनीजवळच पियात्सा व्हित्तोरिओच्या भागात भारतीय-बांगलादेशी वाणसामानाची दुकानं आहेत. तिथे डाळ-तांदूळ बघून काकूंना कोण आनंद!

नुसत्या चावीच्या कोडवर मिळणारी घरं स्वयंपाकाला छान, पण तिथे बॅग ठेवायला कुणी नसतं. हॉटेलात खोली दुपारी दोन-तीननंतरच मिळते, पण बॅगा आधी ठेवून घेतात. गाडी सकाळी पोचणार असेल तर हे फार महत्त्वाचं.

आणखी दोन गोष्टी. इटलीत माणशी, दर रात्रीचा शहर कर हॉटेलात वेगळा द्यावा लागतो, तो हिशेबात धरा. आणि काही ठिकाणी उलट लाभही होतो. लुसर्नला मुक्काम करणाऱ्याला हॉटेलातून पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर शहरातली बस फुकट.

लुसर्नचं स्टेशन तळ्याच्या काठालाच. बाहेर पडलं की समोर बोटींचा धक्का, डावीकडे चौदाव्या शतकातला लाकडी पूल. १९९३च्या आगीनंतर तो पुन्हा बांधला. आमचं हॉटेल पाच मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी चपला घातल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तू बस. मी जाते." हॉटेलचं कार्ड पर्समध्ये, मोबाइल हातात, आणि काकू निघाल्या. तासाने परत आल्या त्या हातात सफरचंदाची पिशवी घेऊन. "पुलावरून पलीकडे गेले, बसले, आले. काही अवघड नाही गं." बस, इतकंच बोलल्या. ती चक्कर शहराबाहेरच्या हॉटेलातून झालीच नसती.

म्हणून सांगते, मैत्रिणींनो, युरोप असो नाहीतर पंढरपूर-शेगाव, मुक्काम ठरवताना खोलीतले पडदे आणि गाद्या नंतर बघा. आधी नकाशा उघडा. स्टेशन कुठलं, वाट कशी, पायऱ्या किती, आणि संध्याकाळी आपल्यापैकी कुणालाही एकटीनं बाहेर पडता येईल का, एवढं विचारा. या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की बिनधास्त बुकिंग करा. घरच्यांना पत्ता देऊन ठेवा आणि निघा!