‘इस्रायल’ या नांवाचा निर्णय

पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यांतील संग्राहकांस पोर्तुगीज व मराठी अमदानींतील कागद ओळखीचे आहेत. इ. स. १७३९ च्या तारापूरच्या मोहिमेचें एखादें पत्र हातीं आल्यास तें कोणत्या प्रकरणांत घालावें, हें त्यांस सांगावें लागत नाहीं. परंतु जर्मन भाषेंतील एखादा पासपोर्ट किंवा टपालाचें पाकीट मुंबईच्या रद्दींतून आलें आणि त्यावर ‘इस्रायल’ हें नांव दिसलें, तर तो कागद कोंकणांतील बेने-इस्रायल घराण्याचा समजला जाण्याचा संभव फार. तसें होऊं नये म्हणून या नांवाचा निर्णय कसा करावा, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

बेने-इस्रायल हे आपल्या प्रांतांत शतकानुशतकें नांदले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचीं आडनांवें बहुधा गांवावरून पडलेलीं व ‘कर’ प्रत्ययान्त असतात. इ. स. १७९६ मध्यें मुंबईचें पहिलें सिनेगॉग स्थापन करणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हेच मराठींत सामाजी हसाजी दिवेकर होत. ठाण्याचें सिनेगॉग इ. स. १८७९ चें. हाईम केहीमकर यांनीं या समाजाचा इतिहास इ. स. १८९७ त लिहिला व तो इ. स. १९३७ त तेल अवीव येथें छापला गेला. या समाजांत ‘इस्रायल’ हा शब्द स्वतःच्या अभिमानाचा आहे.

जर्मन कागदांवरील ‘इस्रायल’ याच्या अगदीं उलट. ता. १७ ऑगस्ट १९३८ च्या फर्मानानें ज्या यहुद्यांचें नांव सरकारी यादींत नव्हतें, अशा प्रत्येक पुरुषास ‘इस्रायल’ व प्रत्येक स्त्रीस ‘सारा’ हें जादा नांव लावणें भाग पडलें. त्याचा अंमल ता. १ जानेवारी १९३९ पासून झाला. तत्पूर्वीं ऑक्टोबर १९३८ मध्येंच त्यांच्या पासपोर्टांवर तांबडें ‘जे’ अक्षर उमटविण्याचा हुकूम झाला होता. सबब मूळ नांव व आडनांव यांच्या मधें ‘इस्रायल’ अथवा ‘सारा’ असून तारीख १९३९ किंवा नंतरची असेल, तर प्रथम या फर्मानाचा संशय धरावा. तांबडें अक्षर असल्यास संशय उरत नाहीं. असें नांव छापतांना तें लादलेलें आहे, हें स्पष्ट नमूद करावें. आईबापांनीं ठेविलेलें नांव तेवढेंच त्या मनुष्याचें नांव होय.

‘इस्रायल’ तेथें बेने-इस्रायल, या अनुमानांत जशी अतिव्याप्ति आहे, तशी ‘यहुदी नांव नाहीं, सबब यहुदी नाहीं’ या अनुमानांत अव्याप्ति आहे. इ. स. १९३५ चे न्युरेंबर्गचे कायदे मनुष्याचा धर्म न पाहतां त्याच्या आज्या-आजोबांची गणती करीत. आपल्या गंजिफांचे संग्राहक व अभ्यासक रूडॉल्फ फोन लायडेन (१९०८–१९८३) हे यहुदी वंशसंबंध असलेले बर्लिनकर इ. स. १९३३ त मुंबईस आले. त्यांच्या नांवावरून हें कोणासही कळणार नाहीं. गंजिफांवरील त्यांचा ग्रंथ इ. स. १९८२ मध्यें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनें प्रसिद्ध केला.

इंग्रज सरकारच्या दप्तरांत शोध करणारानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सप्टेंबर १९३९ नंतर जर्मन पासपोर्टाचा यहुदी निर्वासित हाही सरकारच्या लेखीं ‘शत्रुदेशीय’ ठरला. नाझींच्या छळांतून सुटलेले कित्येक लोक अहमदनगरच्या छावणींत नाझींच्याच शेजारीं डांबले गेले. चौकशीअंतीं पुष्कळांची सुटका झाली. पुढें पुरंदर व सातारा येथेंही अशीं कुटुंबें ठेविलीं होतीं. म्हणून त्यांचा शोध ‘यहुदी’ या सदराखालीं न करितां ‘जर्मन’, ‘परदेशीय’ व ‘नजरकैद’ या सदरांखालीं करावा. पालघर जिल्हा ता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं निराळा झाला. तत्पूर्वींचे कागद ठाणें जिल्ह्याच्या नांवें पाहावे. तसेंच मुंबईंत इ. स. १९३४ त स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनचा उल्लेख असलेला प्रत्येक चिटोरा जपून ठेवावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. युद्धकाळांत शत्रुप्रदेशांतील आप्तांस रेड क्रॉसमार्फत पंचवीस शब्दांपर्यंत मजकूर धाडतां येई व उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर येई. मजकूर पाहूं जातां ‘सर्व क्षेम’ इतकाच. परंतु उत्तराची तारीख व शिक्के हे कित्येक वेळां लिहिणारी व्यक्ति त्या दिवशीं जिवंत होती याचा शेवटचा पुरावा असतो. साठ लाखांच्या आसपास यहुद्यांचा संहार झाला आणि असंख्यांची मृत्युतिथि कोठेंही लिहिलेली नाहीं. अशा पाकिटाचें तिकीट कापून घेणें म्हणजे त्या घराण्याच्या बखरींतील शेवटचें पान फाडणें होय.

तरी संग्राहकांस विनंति एवढीच कीं, पाकीट व पत्र वेगळीं करूं नयेत. दोन्ही बाजूंची नक्कल ठेवावी. आणि नांव, जन्मतारीख व जन्मगांव हीं जेरुसलेम येथील याद वाशेमच्या नामसंग्रहाशीं व जर्मनींतील आरोल्झेनच्या दप्तराशीं ताडून पाहावीं. दोन्ही आतां घरबसल्या पाहतां येतात. तीन्ही गोष्टी जुळल्यावांचून कोणत्याही घराण्याचा संबंध जोडूं नये. जुळल्यास मात्र तो कागद पेटींत बंद करून ठेवूं नये. त्याची वाट पाहणारे वंशज दूरदेशीं असूं शकतात.