एक टक्का पाणी, अर्धं वजन!

एक सोप्पं कोडं. १००० किलो गाळ आहे, त्यात ९९ टक्के पाणी. थोडं पाणी काढून ते ९८ टक्क्यांवर आणलं. आता गाळाचं वजन किती? '९९० किलो' म्हणालात ना? चूक! उत्तर आहे ५०० किलो. पटत नसेल तर वही काढा. कोरडा भाग १० किलो, तो बदलला नाही. आधी तो एकूण वजनाच्या १ टक्का होता, आता २ टक्के आहे. म्हणजे वजन निम्मं झालंच की!

हे कोडं तुमच्या शहरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे एसटीपीत, रोज सोडवावं लागतं. आपण फ्लश करून मोकळे होतो. तिथे जिवाणू पाण्यातली घाण खातात, वाढतात आणि तळाशी बसतात. स्वच्छ पाणी पुढे जातं, मागे उरतो गाळ. त्यातलं पाणी ८० टक्क्यांवर आणलं, तर १००० किलोचे उरतात फक्त ५० किलो. वीस ट्रकांचा माल एका ट्रकात!

'मग पिळा की!' असं म्हणाल, पण हा गाळ म्हणजे श्रीखंडासाठी टांगलेलं दही नव्हे. जिवाणूंभोवती चिकट, जेलीसारखं आवरण असतं, पाणी त्यात अडकतं. शिवाय गाळाच्या कणांवर ऋणभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. नुसतं दाबलं तर बारीक कण गाळणीच्या कापडाची छिद्रंच बुजवतात.

म्हणून आधी धनभार असलेलं पॉलिमर मिसळतात. त्याच्या लांब साखळ्या कणांना गोळा करून गुठळ्या बनवतात. मग सेंट्रिफ्यूज किंवा स्क्रू प्रेसमध्ये पाणी सुटतं. खरी मेख आहे मात्रेत. पॉलिमर कमी पडलं तर गुठळ्या होत नाहीत, जास्त झालं तर गाळ बुळबुळीत होतो आणि पैसेही वाया. जोरात ढवळलं तर झालेल्या गुठळ्या फुटतात. त्यात गाळ रोज सारखा नसतो. त्यामुळे कालची मात्रा आज चालेलच असं नाही. उन्हात वाळूच्या वाफ्यांवर गाळ वाळवणं स्वस्त, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याचं काय करणार?

हा प्रश्न मोठा होत जाणार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार, देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, प्रक्रियेची उभारलेली क्षमता मात्र ३१,८४१. मुंबईत वरळी, धारावीपासून भांडुपपर्यंत सात ठिकाणी मिळून २४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रं हाती घेतली आहेत. ती हवीतच. पण जितकं जास्त पाणी स्वच्छ होईल, तितका जास्त गाळ उरेल.

इथे तुम्ही येता. केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, मेकॅनिकल, कुठल्याही शाखेला इथे काम आहे. शेवग्याच्या बिया आणि कोळंबीच्या कवचांपासून मिळणारं कायटोसान पॉलिमरऐवजी वापरता येईल का, यावर संशोधन सुरू आहे. गाळातलं पाणी किती सहज सुटतं, हे पाहायची एक चाचणी तर शोषक कागद आणि स्टॉपवॉचवर चालते : पाणी कागदावर ठरावीक अंतर पसरायला किती सेकंद लागतात, ते मोजायचं.

फायनल इयरचा प्रोजेक्ट शोधताय? सरांना विचारा, परवानगी काढा, ग्लोव्हज घाला आणि जवळचं एसटीपी गाठा. वास येईल, पण एकेका टक्क्याची किंमतही कळेल.