वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प

वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प हा कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा नदीच्या खोऱ्यातील सुमारे ७० गावे संगणकाच्या जाळ्याने जोडण्यासाठी १९९८ साली हाती घेण्यात आलेला प्रकल्प होय. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे त्याचे केंद्र होते. ग्रामीण सहकारी उद्योगात संपर्क-तंत्रज्ञान वापरण्याचा हा भारतातील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक मानला जातो.

पार्श्वभूमी

तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात वारणानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे दूध संघ, ग्राहक भांडार व शिक्षणसंस्था यांची त्यात भर पडली. परिणामी एकाच शेतकऱ्याचे ऊस, दूध, खत आणि उधारी असे सर्व व्यवहार परस्परांशी बांधलेल्या संस्थांतून होऊ लागले. संगणक येण्यापूर्वीच येथे व्यवहारांचे एक जाळे अस्तित्वात होते. ते वह्यांत, पावत्यांत आणि माणसांच्या हेलपाट्यांत होते, इतकेच.

१९९८च्या मे महिन्यात केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले व त्याच वर्षी हा प्रकल्प पुढे आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन व वारणा विभाग शिक्षण मंडळ यांनी तो राबविला. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी निम्मा वाटा केंद्राने, ४० टक्के राज्याने व १० टक्के शिक्षण मंडळाने उचलला.

उसाच्या व्यवहारातील माहितीचे महत्त्व

उसाची लागण झाली की शेतकरी कारखान्याकडे तिची नोंद करतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, जात कोणती, लागणीची तारीख कोणती, यावरून तोडणीचा क्रम ठरतो. क्रम चुकला तर नुकसान दुहेरी होते : पक्व ऊस फडात उभा राहिल्यास साखरेचा उतारा घटतो, आणि रान वेळेवर मोकळे न झाल्याने पुढचे पीकही हुकते. तोडलेला ऊस पडून राहिला तर वाळून वजनात घटतो. म्हणून नोंदीची तारीख, तोडणीची चिठ्ठी व काट्यावरील वजनाची पावती हे तीन कागद ऊस उत्पादकाच्या वर्षभराच्या कमाईशी थेट निगडित असतात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. त्या हिशेबाचाही आधार वजनाची नोंद हाच असतो.

रचना व प्रत्यक्ष वापर

प्रकल्पात गावोगावी ५४ माहिती केंद्रे उघडण्यात आली. प्रत्येक केंद्रात संगणक, छपाईयंत्र आणि एक केंद्रचालक असे. केंद्रातील संगणक दूरध्वनीच्या तारेवरून वारणानगरच्या मध्यवर्ती संगणकाशी माहितीची देवाणघेवाण करीत. लागणीची नोंद, उसाचे वजन, खताची उचल इत्यादी माहिती शेतकऱ्याला गावातच मिळू लागली आणि कारखान्याच्या कार्यालयापर्यंतची खेप वाचली.

मूळ संकल्पना याहून मोठी होती. बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय योजना, जमिनीचे उतारे, रोजगाराची माहिती हे सारे याच केंद्रांतून मिळावे, असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर जवळजवळ पूर्णपणे कारखान्याच्या व्यवहारापुरता राहिला. याला अपयश म्हणणे घाईचे ठरेल. ज्या माहितीमागे रोजचा व्यवहार उभा होता, ती टिकली. जी केवळ उपयुक्त ठरेल म्हणून ठेवली होती, तिला गिऱ्हाईक लाभले नाही. शिवाय संगणक जुने होत गेले, दुरुस्तीचा खर्च वाढला आणि भारनियमनाच्या काळात वीजही भरवशाची नव्हती.

वारणा अनवायर्ड

मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरू येथील संशोधन संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर व केंटारो टोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला. केंद्रांवर होणारी देवाणघेवाण मुख्यतः मोजक्या आकड्यांची आहे, असे दिसून आल्यावर त्यांनी संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेश वापरण्याचा प्रयोग केला. इंग्रजी लिपीतील एका लघुसंदेशात १६० अक्षरे मावतात. उसाचे वजन कळविण्यास तेवढी पुरेशी होत.

या पद्धतीत मागणीचा संदेश कारखान्याच्या संगणकाला जोडलेल्या मोबाइलवर येई. संगणक माहितीसाठ्यातून नोंद शोधून उत्तर त्याच मार्गाने परत धाडी. गावात संगणकाची, पर्यायाने अखंड विजेची, गरज उरली नाही. सात गावांत आठ महिने चाललेल्या या चाचणीत जुन्या व्यवस्थेची सर्व कामे लघुसंदेशांवर होऊ शकली. नवी पद्धत अधिक स्वस्त व सोयीची असून शेतकऱ्यांना ती अधिक पसंत पडली, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्यांचा निबंध २००७ साली बंगळूरू येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. ‘वायर्ड’च्या जागी ‘अनवायर्ड’ हे नाव त्यांनी हेतुतः योजले होते.

नंतरचा काळ

पुढे मोबाइल घरोघरी पोचले आणि वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर पाठविण्याची पद्धत साखर कारखान्यांत रूढ झाली. २०२२ साली राज्याच्या साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाइल ॲप आणले. त्यातून शेतकऱ्याला आपल्या ऊसक्षेत्राची माहिती स्वतः भरून कारखान्याकडे नोंदविता येते.